साहेबांची वाळू

पाण्याचा पेला हातात आला की आमचे साहेब तो आधी खिडकीकडे धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि उजव्या डोळ्याने आरपार पाहायचे. मग प्यायचे. लग्नाच्या पंगतीत असो की कोणाच्या घरी चहाच्या आधी. एकदा दुर्ग स्टेशनवर माठातलं पाणी देणाऱ्या म्हातारीसमोरही त्यांनी हेच केलं. ती म्हणाली, "का देखत हस बाबू, मछरी हे का?" साहेब गंभीरपणे म्हणाले, "नाई माय. पण पाहून घेतलेलं बरं."

त्यांचं एक वाक्य आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होतं. "पाणी खोटं नाई बोलत. लिहिणारा बोलते."

तो लिहिणारा मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला जागा उरणार नाही.

भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं, हे आमचं काम. पाण्यातले सगळे क्षार काढून टाकलेले असत, तरी सिलिका नावाची एक चिवट गोष्ट कधीकधी निसटून पुढे जायची. वाफेबरोबर गेली की ती टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखी बसते. म्हणून दर तासाला नमुना घ्यायचा, त्यात औषधं टाकायची आणि दहा मिनिटं थांबायचं. पाणी निळं होतं. निळा जितका गडद, तितकी सिलिका जास्त. साहेब या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. मूळचे अकोल्याकडचे, पंचावन्नच्या घरातले, बारीक, खाकी पॅन्टच्या खिशात कायम दोन पेन्सिली. मी नागपूरकडचा, सत्तावीस वर्षांचा, आणि स्वतःला हुशार समजणारा.

एका मे महिन्यात, पहिल्या पाळीत, मी एक नमुना तपासलाच नाही. मागच्या तासाचा आकडा पुढच्या रकान्यात उतरवला आणि कूलरसमोर जाऊन बसलो. असं करणारा मी पहिला नव्हतो. प्लांटमध्ये याला 'सूखी रीडिंग' म्हणत आणि म्हणताना हसत. साहेब आले, वहीत पाहिलं, नमुन्याची बाटली पाहिली. बाटलीचं बूच कोरडं होतं. त्यांनी स्वतः तपासणी केली. दहा मिनिटांनी काचेच्या नळीत जो रंग आला तो शाईचा होता.

तेवढ्यात पाळी बदलायची वेळ झाली. जाणारे आणि येणारे मिळून चौदा जण होते. साहेबांनी मला मधोमध उभं केलं. एका हातात वही दिली, दुसऱ्या हातात ती निळी नळी.

"वाचा, झाडे. तुमी लिहिलं ते वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं.

"आता रंग दाखवा सगळ्याईले."

मी नळी वर धरली. कोणीतरी मागून म्हणालं, "अरे बाप रे, दिवाली!" सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

त्यांनी लेखी काही केलं नाही. माझ्या फाइलमध्ये त्या दिवसाचा एक शब्दही नाही. लिहिला असता तर माझी नोकरी गेली असती, कारण मी तेव्हा कायम झालो नव्हतो. हे मला आज कळतं. तेव्हा कळत होतं ते एवढंच, की त्या चौदांमध्ये टर्बाइनवर काम करणारा एक जण होता, आणि त्याच्या बहिणीशी माझं लग्न ठरलं होतं. लग्न मोडलं नाही. पण पंगतीत हाच मेहुणा जिलेबीचं ताट घेऊन माझ्यासमोर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय जावईबापू, घरची रीडिंग तं सूखी नाई ना राहणार?" माझी बायको शेजारी होती, नव्या शालूत. तिला काही समजलं नाही, म्हणून तीही हसली.

साहेब त्या पंगतीत होते. ते ताटात पाहत राहिले.

मी त्या ताटावर बसून ठरवलं की या माणसाचं काहीतरी मोडायचं. काय मोडायचं ते ठरलं नव्हतं. वाट पाहायची माझी तयारी होती. तुम्ही कधी कोणावर असा दात धरला असेल तर तुम्हाला माहीत असेल, त्यात एक प्रकारची शिस्त येते. मी वेळेवर येऊ लागलो. साहेबांनी मला महिनाभर प्रत्येक तपासणी दोनदा करायला लावली, ती मी केली. महिना संपल्यावर ते म्हणाले, "झाडे, आता तुमच्या रीडिंगवर मी डोळे मिटून सही करतो." मला तो टोमणाच वाटला.

त्या हिवाळ्यात साहेब कामासाठी विशाखापट्टणमला गेले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. परत आले ते चार कॅन घेऊन. गाडीत टीसीने विचारलं, "इसमें क्या है?" साहेब म्हणाले, "समंदर." टीसीने झाकण उघडून वास घेतला आणि पुढे गेला, असं साहेब स्वतः सांगत.

"अकोल्याले समुद्र नाई, भिलाईले नाई," ते म्हणाले. "आपल्याले जाणं होत नाई. मंग त्यानंच यावं."

क्वार्टरच्या पुढच्या खोलीत त्यांनी लोखंडी अँगलच्या चौकटीत काचा बसवून टाकी केली. चौकटीला तीन हात रंग दिला. विशाखापट्टणमच्या किनाऱ्याची वाळू पोतंभर आणली होती. त्या वाळूत काळे कण फार. साहेबांनी लोहचुंबक घेतला आणि अंगणात चादर पसरून आठ रविवार त्या वाळूवरून फिरवला. चिमूट चिमूट काळे कण निघाले. उरली ती वाळू धुतलेल्या मुगाच्या डाळीच्या रंगाची होती. शेजारपाजारचे लोक मासा पाहायला येत, पण साहेब आधी वाळू दाखवत.

वाळू झाल्यावर मासे चार आणवले. तीन आठवड्याभरात गेले. चौथा राहिला, अंगठ्याएवढा, पांढऱ्यावर काळे तीन पट्टे. साहेब त्याला पाहुणा म्हणत. ड्यूटीवरून घरी फोन लावून विचारत, "पाहुणा जेवला का?" काकू तिकडून म्हणत, "पाहुणा जेवला. घरच्याची वाट पाहून राहिली मी." वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमध्ये सगळे म्हणाले होते की खाऱ्या पाण्यातला जीव भिलाईच्या उन्हाळ्यात टिकणार नाही. साहेबांना तो टिकवून दाखवायचा होता. दुसरं काही नको होतं त्यांना. बढती, मोठं क्वार्टर, कशाचंही नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पाहुण्यानं दिवाळी पाहावी, एवढंच ते म्हणत.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर उडायचं. मीठ मागे राहतं, पाणी उडतं, म्हणून वरून क्षार नसलेलं पाणी घालावं लागतं. असं पाणी भिलाईत एकाच ठिकाणी होतं, आमच्याकडे. साहेबांनी दर शनिवारी एक कॅन पाणी नेण्यासाठी रीतसर परवानगी काढली. गेटवरचा शिपाई तो कागद वाचून दरवेळी हसायचा, "साहब, पानी का भी पास?" साहेब म्हणायचे, "हां भाई, पानी का भी."

तो कॅन भरायचं काम त्यांनी मला दिलं. बरोबर चिठ्ठी द्यायची, पाण्याची रीडिंग लिहून.

मार्चमध्ये वाळूवर तपकिरी थर दिसू लागला. जणू कोणी वर चहापत्तीची भुकटी शिंपडली होती. साहेबांनी मला बोलावलं. आम्ही दोघं टाकीसमोर उकिडवे बसलो.

"लोखंडच हाय," साहेब म्हणाले. "माह्या चुंबकातून काही कण सुटले. जंग लागून राहिला."

भिलाईत तपकिरी काही दिसलं की माणूस लोखंडच म्हणणार. आमच्या कपड्यांवर, खिडक्यांवर, नखांत तोच रंग. मलाही तेच वाटलं. तरी मी चिमूटभर वाळू बाटलीत घेतली. ती घेताना बोटं जरा खोल गेली आणि खालून सडक्या अंड्याचा वास आला. दुर्गच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा माझा एक मित्र होता. त्याच्याकडे बाटली नेली.

त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि मला पाहायला बोलावलं. लोखंड नव्हतं. होड्यांसारखे, डब्यांसारखे इवले इवले जीव होते.

"हे शेवाळच, पण काचेच्या घरात राहणारं," मित्र म्हणाला. "घर बांधाले याईले सिलिका लागते, पाण्यात विरघळलेली. नवीन टाकीत येते कधी कधी. सिलिका खाऊ घालू नको, दीड-दोन महिन्यांत आपोआप जाईन. आणि हो, ती वाळू खालपर्यंत उकरू नका. खाली गॅस साचला हाय, मासा मरन."

मी सायकलवरून परत निघालो. आजही तो रस्ता आठवतो. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: सिलिका. सगळ्या पाण्यातून हीच एक गोष्ट मला त्यांच्यासमोर, चौदा जणांसमोर, हातात धरावी लागली होती.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "काय म्हणे तुमचे प्रोफेसर?"

"काही सांगता येत नाही म्हणाले."

पाण्यातून क्षार काढणाऱ्या यंत्राची ताकद चारेक दिवसांनी संपत येते. मीटरवर तेव्हाही सगळं ठीक दिसतं. पण सिलिका सर्वांत आधी निसटते. ती फक्त निळ्या रंगात कळते. असं पाणी आम्ही गटारात सोडून देत असू. पुढच्या शनिवारी मी साहेबांचा कॅन त्या गटाराच्या नळाखाली धरला. आधी तपासणी केली, नीट, दहा मिनिटं थांबून. रंग गडद निळा आला. मग चिठ्ठीवर लिहिलं, सिलिका नाही. खाली सही केली.

असे अकरा शनिवार.

त्या अकरा शनिवारांत साहेबांनी काय काय केलं ते मी जवळून पाहिलं, कारण कॅन पोहोचवायला मीच जायचो. वाळूतून पुन्हा चुंबक फिरवला, टाकीत हात घालून, पाण्याखाली. चौकट खरवडून चौथ्यांदा रंगवली. मग उजेडावर संशय आला, म्हणून खिडकीला खाकी कागद लावला. मग जामुलकडून येणाऱ्या सिमेंटच्या धुळीवर, म्हणून टाकीभोवती ओली चादर टांगली. काकू मला म्हणाल्या, "पाहा बाप्पा झाडे, माणसाले पंखा नाई आणि माशाले ओली चादर!" मग देवासमोरची उदबत्ती बंद झाली. मग पाहुण्याचं खाणं निम्मं झालं. दर दोन दिवसांनी साहेब रबरी नळीनं तो थर ओढून काढत आणि दर तिसऱ्या दिवशी तो परत येई. प्रत्येक उपाय ते वहीत लिहीत आणि समोर पेन्सिलीनं लिहीत, 'फरक नाही'.

मला फार बरं वाटायचं. शनिवारी त्या तपकिरी वाळूकडे पाहिलं की पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. काकूंच्या हातचा चहा पीत मी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहायचो आणि मनात म्हणायचो, वाचा साहेब. मोठ्यानं वाचा. मेहुणा खुर्सीपारला, सासरच्या घरी, काही बोलला की मी आता चिडत नव्हतो. माझा हिशोब दुसरीकडे चुकता होत होता.

एकदा मला राहवलं नाही. मी मुद्दाम म्हणालो, "साहेब, पाणी एकदा तपासून पाहता का?"

ते वहीतून वर पाहून म्हणाले, "तुमी तपासलं ना?"

"हो."

"मंग कावून तपासू?"

मला वाटलं होतं मला हसू येईल. आलं नाही. पण पुढच्या शनिवारी मी कॅन पुन्हा त्याच नळाखाली धरला. माणूस थांबू शकतो त्या जागा मी सगळ्या पाहिल्या आहेत. मी थांबलो नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी साहेबांनी मला घरी बोलावलं. बनियनवर होते. हातात लांब दांड्याचा डाव होता.

"झाडे, माह्या मनात येऊन राहिलं, लोखंड खाली बसलं असन. वाळू बुडापासून उलथवून पाहतो. तुमाले काय वाटते?"

काचेच्या बाजूने पाहिलं तर वाळूच्या तळाशी काळी रेघ स्पष्ट दिसत होती. पाहुणा कोपऱ्यात दगडामागे होता. मित्राचं वाक्य मला शब्दन्शब्द आठवत होतं.

"उलथवा साहेब," मी म्हणालो. "बुडापासून."

त्यांनी डाव घातला. तळातून काळा ढग उठला आणि पाणी दिसेनासं झालं. खोलीत तो वास भरला. काकू स्वयंपाकघरातून पदर नाकाला लावून आल्या. पाहुणा वर आला, आडवा झाला, सरळ झाला, तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करू लागला. साहेब दोन्ही हात कोपरापर्यंत घालून त्याला धरायला पाहत होते, आणि तो भिऊन हातातून निसटत होता. शेवटी बादलीत घेतला. साहेब बादलीशेजारी फरशीवर बसले. पंख्याचा वारा पाण्यावर घालत होते, हातपंख्याचा. अर्ध्या तासानं त्यांनी पंखा बाजूला ठेवला.

मी उभाच होतो. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी मनाले लावून घेऊ नका. मीच म्हटलं होतं उलथवाचं."

मी घरी गेलो. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली ते या वाक्यासाठी: त्या दुपारी मी खूश होतो. बायकोला म्हटलं, आज श्रीखंड कर. तिनं विचारलं कशाबद्दल, तर म्हटलं, सहज.

साहेबांनी टाकी पुन्हा भरली नाही. वाळू नळाखाली धुतली, अंगणात वाळवली आणि गुलाबाच्या आळ्यात घालून टाकली. प्रयोगशाळेत ते पूर्वीसारखेच होते, फक्त घरी फोन करत नव्हते. तीन वर्षांनी निवृत्त झाले. जाताना वरिष्ठांना सांगून गेले की प्रयोगशाळा झाडेंकडे द्या, त्यांची रीडिंग खरी असते. वरिष्ठांनी ऐकलं. मी त्यांच्या खुर्चीत बसलो.

अकोल्याहून दर दिवाळीला त्यांचं पोस्टकार्ड यायचं. खुशाली, काकूंचे गुडघे, संत्र्याचा भाव, आणि शेवटी एक ओळ. 'त्या वाळूचे काही समजले का? मला वाटते लोखंडच. माझ्या हाताने पाहुणा गेला हे मनातून जात नाही.' पहिल्या वर्षी ती ओळ वाचून मी कार्ड फाडलं. दुसऱ्या वर्षी फाडता आलं नाही. सहाव्या कार्डानंतर मी रजा टाकली आणि अकोल्याला गेलो.

साहेब ओट्यावर बसले होते. खूप वाळले होते. मला पाहून इतके आनंदले की मला बसवेना. काकू आत स्वयंपाकाला लागल्या. साहेबांनी लगेच विषय काढला. "बरं झालं आले. मी परवाच विचार करून राहिलो होतो. चौकटीचा रंग तं नसन निघत पाण्यात?"

"साहेब, सिलिका होती," मी म्हणालो.

"कुठून येईन सिलिका?"

"मी घालत होतो."

मग मी सगळं सांगितलं. मित्राचा सूक्ष्मदर्शक, गटाराचा नळ, चिठ्ठ्या. पंगतीतला मेहुणाही सांगितला, आणि सांगताना माझा आवाज चढला, कारण राग अजून पुरता गेला नव्हता.  संपल्यावर साहेबांनी पाळीच्या वेळी विचारावं तसं विचारलं.

"किती हप्ते?"

"अकरा."

"चिठ्ठी लिहाच्या आधी तपासत होते?"

"दरवेळी."

"आणि खालचा गॅस? उलथवा म्हणाले तवा ठाऊक होतं?"

"होतं."

समोरच्या घरी कोणी तरी खलबत्त्यात काही कुटत होतं. तो आवाज थांबला. मग साहेब उठले. "चला, जेवाले," म्हणाले.

ज्वारीची भाकरी, भरली वांगी, वरण-भात. काकू आग्रह करत होत्या, "घ्या ना झाडे, कावून लाजून राहिले?" साहेबांनी स्वतःच्या हातानं माझ्या भातावर तूप वाढलं. काकूंना काही म्हणाले नाहीत. मी पानातलं सगळं खाल्लं. एकेक घास मला मोजता आला असता.

निघताना ते फाटकापर्यंत आले.

"पोटभर जेवले ना?"

"हो साहेब."

"आता पुन्हा येऊ नका."

त्यांनी फाटक लावलं, कडी घातली आणि पाठ फिरवून आत गेले. त्यानंतर कार्ड आलं नाही. त्यांनी कोणाला काही सांगितलंही नाही. एका पत्रानं माझी खुर्ची गेली असती. मी पत्राची वाट पाहिली, अगदी टपालवाल्याच्या सायकलची घंटा ऐकून उठायचो. ते आलं नाही. माझी रीडिंग खरी असते असं प्लांटमध्ये लोक अजून म्हणतात.

दोन वर्षांनी साहेब गेल्याचं कळलं. प्रयोगशाळेतले जुने चौघे तेरवीला अकोल्याला निघाले. माझंही तिकीट त्यांनी न विचारताच काढलं होतं. मी जाणार नाही म्हटलं, तेव्हा त्यांना आधी खरं वाटेना. त्यांच्यातला सगळ्यांत वयस्क, ज्यानं निळी नळी पाहून दिवाळी म्हटलं होतं, तो भडकला.

"ज्यानं तुले खुर्ची देली, त्याच्या तेरवीले नाई येत? असा कसा रे माणूस तू?"

"असाच आहे," मी म्हणालो.

तरी मी दुर्ग स्टेशनवर त्यांना पोहोचवायला गेलो. त्यांच्या पिशव्या खिडकीतून आत दिल्या. माझी जागा रिकामी होती, तिच्यावर त्यांनी फुलांची टोपली ठेवली.  गाडी हलली तशी टोपली कलंडू लागली आणि त्या वयस्क माणसानं एका हातानं ती धरून ठेवली. डबा दिसेनासा होईपर्यंत तो हात मला दिसत होता.